पीडब्ल्यूडी म्हणजे फक्त रस्ते नव्हेत!

पीडब्ल्यूडी म्हटलं की आपल्याला रस्ते आठवतात. लिनक्समध्ये ही कमांड दिली की आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते कळतं. एलएस दिली की तिथं काय काय आहे ते दिसतं, सीडीने दुसऱ्या फोल्डरमध्ये जाता येतं. एवढंच सोपं!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. म्हणून कर्जत-खालापूरच्या शाळांनी जुने कॉम्प्युटर लगेच भंगारात काढू नयेत. हलकं लिनक्स त्यातल्या बऱ्याच मशीनवर चालेल, तेही फुकट. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, पैसे लागत नाहीत.

मंडळांनो, यंदा एक बॅनर कमी लावा, वाचनालयात एक कॉम्प्युटर ठेवा. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवरच चालतात. खोपोली लोकल पकडून नोकरी शोधणाऱ्या आपल्या पोरांना हे यायलाच हवं.