अंगदुखी की थकवा? आधी ओळखा

पान पिवळे पडले की नत्र कमी आहे की लोह, हे आधी पाहावे लागते. अंगदुखी-थकव्याचेही तसेच.

सर्वांग ३ महिन्यांहून अधिक ठणकत असेल, तर फायब्रोमायल्जिया असू शकतो. त्यात बेताबेताने वाढवलेले चालणे गुण देते.

दीर्घ थकव्याच्या विकारात महिनोन्‌महिने शीण हटत नाही आणि थोडी खुरपणी केली तरी दुसऱ्या दिवशी माणूस अंथरूण धरतो. अशाला नेटाने व्यायाम करायला लावणे अपायकारक. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने तो सल्ला २०२१ साली काढून टाकला.

झोपेने ताजेपणा दोन्हींत येत नाही. रक्तक्षय, थायरॉईडही तपासून घ्यावे. सूनबाईला आळशी म्हणण्याआधी दवाखाना गाठा.