ऊन सर्वांचे, हिशेब ज्याचा त्याचा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत वा गोकुळ शिरगावात एखाद्या लहान कारखानदाराची गाठ पडली की ऑर्डरी आणि कामगार यांच्या पाठोपाठ वीजबिलाचा विषय निघतोच, आणि बिलाचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : छपरावर सोलर बसवावे काय? शेजाऱ्याने बसवले आहे, विक्रेता रोज दूरध्वनी करतो आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौरवीज क्षमता १०० गिगावॉटच्या पलीकडे गेली. राष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु राष्ट्राचा हिशेब आणि दहा माणसांच्या कारखान्याचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

पहिला घोटाळा अनुदानाबाबत होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत मिळणारे ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान घरांसाठी आहे. दुकान वा कारखान्यासाठी नाही. उद्योजकाला मिळतो तो घसारा. तोही पूर्वी ८० टक्के होता, १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. शिवाय जो अनुमानित नफ्यावर कर भरतो, त्याला घसाऱ्याची वेगळी वजावट मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, एवढा दिलासा मात्र सर्वांना आहे.

आता मूळ हिशेब. एक किलोवॉटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्या भागात वर्षाकाठी साधारण १३०० ते १४०० युनिट वीज मिळते. दहा किलोवॉटचा संच साडेपाच लाखांना पडला असे धरू. वर्षाला साडेतेरा हजार युनिट निर्माण झाले, ते सर्व दिवसाच कामाला आले आणि प्रत्येक युनिटमागे दहा रुपये वाचले, तर वर्षाला एक लाख पस्तीस हजारांची बचत होऊन चार वर्षांत भांडवल सुटते. पण निम्मेच युनिट वापरले गेले आणि उरलेल्यांचे युनिटमागे तीनच रुपये पदरात पडले, तर बचत ८८ हजारांवर येते आणि चारची सव्वासहा वर्षे होतात. संच तोच, ऊनही तेच. फरक पडला तो काम केव्हा चालते यामुळे.

म्हणूनच आमचे मत असे की छपराचे मोजमाप घेण्यापूर्वी घड्याळ पाहावे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार वीजदराचे तत्त्व घालून दिले : उन्हाच्या आठ तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त, आणि उद्योग-व्यापारासाठी मागणीच्या ऐन वेळी किमान २० टक्के महाग. ज्या वेळी आपले पॅनेल वीज देते, त्याच वेळी बाहेरची वीजही स्वस्त होत जाणार. तेव्हा बचत धरताना बिलावरचा सरासरी दर नव्हे, तर दिवसाचा दर धरावा.

या कसोटीवर आपल्याच जिल्ह्यातील धंदे लावून पाहावेत. सकाळी नऊ ते सहा चालणारे यंत्रशाळेचे लेथ, छापखाना, शिवणकामाचा कारखाना यांचे काम सूर्याच्या पावलांनीच चालते. यांनी जरूर विचार करावा. आइस्क्रीमवाल्याची गरज उन्हाळ्यात वाढते आणि वीजही तेव्हाच भरपूर मिळते, त्याच्यासाठी तर हा दुग्धशर्करा योग होय. इचलकरंजीचा यंत्रमाग रात्रंदिवस चालतो आणि त्याला वीजदरात सवलतही आहे. जितकी वीज आधीच स्वस्त, तितकी बचत कमी. फाउंड्रीचे गणित निराळेच. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सुमारे ६०० युनिट लागतात. दहा किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चाळीसच्या आत युनिट देतो, म्हणजे वितळेल जेमतेम साठ किलो. छपरावरच्या संचाने भट्टी पेटेल ही आशा सोडावी. दिवे, कॉम्प्रेसर आणि फिनिशिंगची यंत्रे यांपुरता तो उपयोगी पडेल. तेथेही वाळू-काजळीचा थर पॅनेलवर बसतो, तो वेळोवेळी धुतला नाही तर उत्पादन घटते.

आणखी काही गोष्टी विक्रेता सहसा सांगत नाही. महावितरणच्या तारेला जोडलेला बिनबॅटरीचा संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच असते. भारनियमनावरचा उपाय म्हणून तो घेणाऱ्याची निराशा होते. युनिट कमी झाले तरी स्थिर आकार कायम राहतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे आभाळ मोकळे नसते. आणि २००५, २०१९ व २०२१ चे महापूर ज्याने पाहिले, त्याने इन्व्हर्टर तळमजल्यावर बसवण्याची चूक करू नये. पत्र्याचे छप्पर वजन आणि वारा पेलेल काय, हेही अभियंत्याकडून आधी पाहून घ्यावे.

स्वदेशीचा मुद्दाही येथे आहेच. पॅनेल भारतात जुळवलेले असले तरी आतले सेल अनेकदा चीनहून आलेले असतात. ‘सेल कोठले?’ हा प्रश्न विचारणारे ग्राहक वाढतील, तेव्हाच देशी सेलचे कारखाने उभे राहतील. ते महाग पडत असतील तर तो फरकही हिशेबात उघडपणे मांडावा आणि मग निर्णय घ्यावा. भावनेच्या भरात नव्हे.

बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवून चित्रपट काढले. नव्या यंत्राला घाबरणे हा या मातीचा स्वभाव नाही. पण यंत्र उघडून त्याचे चाक न् चाक समजून घेणे, हाही याच मातीचा स्वभाव आहे. बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत, दिवसाचे युनिट वेगळे काढावेत, त्यांच्याइतकाच संच घ्यावा आणि कर्जाचा हप्ता मासिक बचतीहून मोठा होऊ देऊ नये. जेथे हे जमते, तेथे विलंब लावण्याचे कारण नाही. जेथे जमत नाही, तेथे शेजाऱ्याच्या छपराकडे पाहून केलेला खर्च म्हणजे निव्वळ हौस, आणि लहान उद्योजकाला हौसेचे मोल फार पडते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण छपरालाही लागू आहे.