हलकी गाडी, निसरडा रस्ता

डिसेंबर जवळ आला की घरोघरी मनालीच्या सहलीचे बेत शिजू लागतात आणि हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे : आपलीच गाडी घेऊन जावे का? गाडी बहुधा लहान, आठशे किलोच्या आतबाहेरची. मग ओळखीतला कोणी जाणकार मान हलवून सांगतो, ‘एवढीशी हलकी गाडी बर्फात टिकायची नाही. तिथे जीपच हवी.’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर येते की ते खरेच असणार असे वाटू लागते. ते अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे घातक आहे. घातक अशासाठी, की मोठी गाडी भाड्याने घेतली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा समज त्यातून पक्का होतो.

शाळेत शिकलेले घर्षण थोडे आठवावे लागेल. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. गाडी जड असेल तर रस्त्यावरचा दाब जास्त, म्हणून पकडही जास्त. पण तिला थांबवायला बळही त्याच प्रमाणात जास्त लागते. हिशेब बरोबरीत सुटतो. टायर सारखे असतील तर बर्फावर लहान गाडी आणि मोठी गाडी जवळजवळ सारख्याच अंतरात थांबतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर कोरड्या डांबरावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. चाकांखाली दबून घट्ट झालेल्या हिमावर तिला ३० मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ६० किंवा त्याहूनही अधिक. वेग निम्मा केला की हे अंतर पावपट होते. ‘फोर बाय फोर’चा महिमा काही खोटा नाही, पण तो सुटण्यापुरता आणि चढण्यापुरता. चारी चाकांना इंजिनाचे बळ मिळते, म्हणून ती चढते. ब्रेक मात्र आपल्या छोट्या गाडीलाही चारी चाकांनाच असतात.

लहान गाडीच्या बाजूने इतिहासही साक्ष देतो. माँटे कार्लोची रॅली भर जानेवारीत, आल्प्सच्या घाटांतून होते. सहा-सातशे किलोंच्या मिनी कूपरने ती १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढची, म्हणजे वजन नेमके हवे तिथे. आपल्या मारुती ८००ची रचना हीच होती, अल्टोचीही हीच आहे. शिवाय अरुंद टायर ताज्या हिमावर तरंगत नाही, ते कापत खाली जातो.

अर्थात, उणिवाही आहेत. गाडीचे पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसते. हिम त्याहून जास्त साचले की गाडी पोटावर टेकते आणि चाके नुसती गरगरतात. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या रुंद असतात, त्यांत लहान गाडीचे एक चाक आत आणि एक बाहेर राहते. आणि आपण मंडळी चार माणसे, मागे बॅगा, वर कॅरिअर असा थाट करतो. मागचे हे ओझे पुढच्या चाकांवरचा दाब हलका करते आणि चढावर नेमकी तीच चाके घसरू लागतात.

पण खरी अडचण गाडीत नाही, आपल्या सपाटीवरच्या सवयींत आहे. गोठलेल्या पाण्याशी आपली ओळख ती काय? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो, एवढीच. हिमाचलात रस्त्यावरच्या त्या पातळ थराला ‘पाला’ म्हणतात. आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची पाने, त्यामुळे हॉटेलवाल्याने ‘आगे पाला है’ असे बजावले तरी आपल्या अंगावर काटा येत नाही. हा पाला दिसत नाही. रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतले वळण, पूल, झऱ्याचे पाणी आडवे जाते ती जागा, ही त्याची ठिकाणे. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी, सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा गोठते. बर्फ सर्वांत निसरडे असते ते शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. कडाक्याच्या थंडीत ते उलट थोडी पकड देते.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ओव्हरड्राफ्टचीच उपमा सुचणार. रस्ता आपल्याला पकडीची एक मर्यादा मंजूर करतो. ती ब्रेकवर खर्चा, वळण्यावर खर्चा किंवा वेग वाढवण्यावर. बर्फावर ही मर्यादा इतकी तुटपुंजी असते की दोन खर्च एकदम झेपत नाहीत. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही. सुटताना दुसरा गिअर, क्लच अलगद. उतारावर आधीच खालचा गिअर, पण तोही हळुवार. धाडकन टाकला तर पुढची चाके त्यानेच घसरतात. गाडी वळेना आणि सरळच जाऊ लागली तर स्टिअरिंग आणखी पिळण्याचा मोह होतो. करायचे ते नेमके उलट : अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग थोडे सरळ करायचे आणि पकड परत येऊ द्यायची. मागचा भाग घसरला तर तो ज्या बाजूला चालला असेल त्याच बाजूला स्टिअरिंग. साखळ्या ओढणाऱ्या चाकांना, म्हणजे या गाड्यांत पुढच्या चाकांना. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढला तर तो गोठून बसतो. त्यापेक्षा पहिला गिअर आणि चाकाला दगड बरा. रेडिएटरमध्ये वर्षभर नळाचे पाणी ओतत आलेल्यांनी निघण्यापूर्वी कूलंट बदलून घ्यावे. गोठलेले पाणी फुगते आणि रेडिएटर फोडते.

टायरचे तर विचारूच नका. साधे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते. स्वीडनमध्ये हिवाळी रस्त्यांवर डिसेंबर ते मार्च वेगळे टायर सक्तीचे आहेत, कॅनडाच्या क्वेबेकमध्येही तशी सक्ती आहे. मुलगा-सून तिकडे असतील तर त्यांना विचारा, टायर बदलणे हे तिकडे दिवाळीच्या साफसफाईसारखे ठरलेले काम असते. आपल्याकडे ज्या टायरवर माणूस नागपूरचा उन्हाळा काढतो, त्याच टायरवर तो सोलांगला पोचतो.

आणि पोचणे आता फार सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. पूर्वी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद असे आणि ती आपोआप माणसाला अडवी. आता कोरड्या, उजेडाच्या बोगद्यातून गाडी थेट बर्फात बाहेर पडते. २७ डिसेंबर २०२४ रोजी सोलांग नाल्याजवळ हजारभर वाहने हिमवृष्टीत अडकली. त्यांतल्या सुमारे पाच हजार पर्यटकांना पोलिसांनी सुखरूप बाहेर काढले. अशा वेळी पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात, तेव्हा नाक्यावर हुज्जत घालणारे सर्वांत आधी आपल्यासारखेच पर्यटक असतात. ‘हॉटेलचे पैसे भरलेत’, ‘उद्याचं परतीचं आहे’, ‘मुलांना बर्फ दाखवायचंय’. पाच रात्री सहा दिवसांच्या सहलीत थांबून राहण्यासाठी एकही दिवस ठेवलेला नसतो. तो एक मोकळा दिवस साखळ्यांहून जास्त उपयोगी आहे. पण तो विकत घ्यायला कोणी तयार नसते आणि सहल कंपन्या तो विकतही नाहीत.

अडकण्याची किंमत काय असू शकते, ते पाकिस्तानात मरीला दिसले. ७ आणि ८ जानेवारी २०२२च्या रात्री हिम पाहायला आलेल्या कुटुंबांच्या गाड्या रस्त्यावरच गाडल्या गेल्या. किमान २२ माणसे दगावली, त्यांत मुलेही होती. कोणी दरीत कोसळले नव्हते. उबेसाठी इंजिन आणि हीटर चालू, काचा बंद, आणि बाहेर धुराचे नळकांडे हिमात बुजलेले. कार्बन मोनॉक्साइड आत साचला. त्याला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते.

मनालीत बाहेरच्या गाड्यांकडून ग्रीन टॅक्स घेतला जातो. त्याच्या पावतीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांत एक चिठ्ठी द्यायला फारसा खर्च येणार नाही. पाला कुठे असतो, साखळी कोणत्या चाकांना लावायची, अंधारापूर्वी कुठवर परत यायचे, हे त्यात असावे. आणि ठळक अक्षरांत : अडकलात तर आधी उतरून धुराच्या नळकांड्याभोवतीचे हिम उकरा, इंजिन तासातून दहा मिनिटेच चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि सगळे एकदम झोपू नका.