बंद होण्यास नकार देणारा संगणक

मार्चअखेरीस अकोल्याहून आमच्या मेहुण्यांचा फोन आला. "भाऊजी, कालच्या संध्याकाळच्या अकरा नोंदी हिशेबात दिसत नाहीत हो." त्यांच्या कापडाच्या दुकानात लिनक्सवर चालणारा संगणक आहे. काही दिवसांपासून बंद करण्याची आज्ञा दिली तरी तो बंद होत नसे. पडद्यावर चक्र फिरत राही. दुकान वाढवण्याची घाई, म्हणून नोकर सरळ भिंतीवरचे बटण दाबी.

त्याच रविवारी अमरावतीहून जाऊन पाहिले. चक्र फिरत असताना एस्केप ही कळ दाबली, तेव्हा चित्र हटून मागचा मजकूर दिसू लागला आणि उलगडा झाला. संगणक नकार देत नव्हता, थांबून वाट पाहत होता. बंद होताना लिनक्स प्रत्येक कार्यक्रमास आवरते घेण्यास सांगते, त्यासाठी सहसा ९० सेकंद देते आणि मगच त्यास बळाने थांबवते. येथे गोदामातील संगणकाचे सामायिक फोल्डर दुकानातील संगणकावर जोडलेले होते. गोदाम आधी बंद होई. मग दुकानातील यंत्र नसलेल्या जोडीदाराच्या उत्तरासाठी खोळंबून राही.

पण नोंदी गेल्या कशा? आपल्या कीर्द-खतावणीचीच रीत येथे आहे. लिनक्समध्ये बहुधा असणारी ईएक्सटी-४ ही फाइल-व्यवस्था बदलाची नोंद आधी कीर्दीत करते, मग खतावते. म्हणून वीज तुटली तरी फाइलींची मांडणी सहसा सावरते. मात्र नुकताच लिहिलेला मजकूर काही काळ केवळ स्मृतीत असतो, डिस्कवर उतरलेला नसतो. बटण दाबले की तेवढा गेला.

दोन-तीन मिनिटे थांबूनही यंत्र हलले नाही, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबून धराव्यात आणि सावकाश एस, यू, बी ही अक्षरे दाबावीत. एसने स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरतो, यूने डिस्कवरील लेखन थांबते, बीने यंत्र पुन्हा सुरू होते. पूर्ण बंदच करावयाचे असल्यास बीऐवजी ओ. उबुंटूत ही सोय मुळातच खुली असते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही धरावी लागते. क्रम चुकवू नये: बी आधी दाबला तर तो भिंतीवरच्या बटणासारखाच.

सर्व कार्यक्रम थांबल्याचे दिसूनही वीज तुटत नसेल, तर दोष बहुधा मदरबोर्डच्या बायोसमध्ये असतो. ते काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर यंत्रच निकामी होऊ शकते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यातील विजेचा भरवसा काय सांगावा!

अकोल्यात आता आधी दुकानाचा संगणक बंद होतो, मग गोदामाचा. त्या अकरा नोंदी मात्र बिलांच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा चढवाव्या लागल्या.