नस्ल ओळखावी कशी?

बकरी ईद जवळ आली की बाजारात मेंढ्यांचे कळप उतरतात आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते : हा कोणत्या जातीचा? विकणारा म्हणतो, "अस्सल माडग्याळ." घेणारा नाकाचा बाक पाहतो, कान ओढून पाहतो आणि मान डोलावतो. उर्दूत आपण ज्याला नस्ल म्हणतो, ती ओळखायची हीच आपली जुनी रीत : नाक, कान, शिंग, लोकर आणि रंग.

पण डोळ्यांना दिसते तेवढीच नस्ल असते का? काळी लोकर असलेल्या दोन मेंढ्यांचे पूर्वज अगदी वेगळे असू शकतात आणि वेगळ्या दिसणाऱ्या दोघी एकाच वंशातल्या निघू शकतात. म्हणून शास्त्रज्ञ आता रक्ताच्या थेंबातला डीएनए वाचतात.

वर्गात आम्ही हे असे समजावतो. डीएनए म्हणजे चार अक्षरांची बाराखडी : ए, सी, जी, टी. मेंढीची सारी पोथी या चार अक्षरांत लिहिलेली असते. पोथीत काही ठिकाणी "सीए सीए सीए" अशी छोटी अक्षरजोडी पुन्हा पुन्हा येते. एका मेंढीत ती बारा वेळा, तर दुसरीत सोळा वेळा. अशा जागांना डीएनएच्या खुणा, म्हणजे मार्कर म्हणतात. प्रत्येक मेंढीला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. अशा तीसेक जागा तपासल्या की दोन जाती एकमेकींपासून किती दूर आहेत, ते मोजता येते. एखाद्या कळपात बहुतेक मेंढ्यांच्या दोन्ही प्रती सारख्याच निघाल्या, तर समजावे की तिथे वर्षानुवर्षे जवळच्या नात्यातच पैदास होत आली आहे. अशा कळपात अशक्त कोकरांचे प्रमाण वाढते.

आता आपल्या महाराष्ट्राची हकीकत ऐका. दख्खनी मेंढी काटक आहे. दुष्काळ सोसते, धनगरांबरोबर मैलोन्‌मैल चालते, तिच्या जाड्याभरड्या लोकरीची घोंगडी होते. पण ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. मेंढपाळाची मिळकत कोकरांवर, म्हणून हा तोटा मोठा. तिकडे बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची एक छोटी मेंढी आहे. वजन जेमतेम १० ते १५ किलो, पण दोन-तीन कोकरे देणे तिला नवलाचे नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गारोल आणून दख्खनीशी तिचा संकर सुरू केला. त्यातून पुढे 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली.

यात अडचण कोणती? जुळी देण्याचा गुण मेंढीत दिसतो. नर तर विणार नाही! त्याच्या अंगी तो गुण आहे की नाही, हे नुसते पाहून कसे कळणार? २००१ साली शास्त्रज्ञांना ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत याचे कारण सापडले : एका जनुकात एका जागी 'ए' ऐवजी 'जी' हे अक्षर. पुढच्याच वर्षी तोच बदल गारोलमध्येही आढळला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या, ही जुनी नोंद त्याने पक्की झाली. आता नराचे थोडे रक्त घेऊन हा बदल तपासता येतो. फलटणच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ मिळाली. नराच्या दोन्ही प्रतींत 'जी' असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत नक्की मिळते. एक प्रत बहुधा जुळ्यांसाठी पुरेशी. दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळी होण्याचा संभव वाढतो, मग दूध पुरत नाही आणि कोकरे दगावतात. अधिक म्हणजे नेहमीच उत्तम असे नाही, हा धडा इथेही आहेच.

या गोष्टीतली खरी चिंता पुढे आहे. समजा, सुंदरबनातल्या त्या ठेंगण्या, कमी मांसाच्या मेंढीला कुणी निरुपयोगी ठरवून मोठ्या जातीत मिसळून टाकले असते, तर? मग फलटणला काय आणले असते? आज दख्खनीवर तीच वेळ आली आहे. लोकरीला भाव नाही, म्हणून मांसासाठी झपाट्याने वाढणाऱ्या बाहेरच्या जातींचे नर कळपात सोडले जातात. दोन-चार पिढ्यांत अस्सल दख्खनी कोणती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. उद्या पाऊस आणखी लहरी झाला, तर लागणारा काटकपणा कुठून आणायचा? कोणता कळप अजून शुद्ध आहे आणि जतनाचा पैसा आधी कुठे लावावा, हे ठरवायला डीएनएच्या खुणा मदत करतात. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था देशभरच्या जातींची नोंद ठेवते, ती याचसाठी.

ज्यांच्या घरी चार-पाच मेंढ्या आहेत, त्या भगिनी-बांधवांना प्रयोगशाळेत जाणे जमणार नाही. पण दोन गोष्टी जमतील. पैदाशीचा नर दर दोन वर्षांनी बदला आणि तो आपल्याच कळपातला ठेवू नका, दूरच्या गावातल्या, पण त्याच जातीच्या कळपातून आणा. आणि वहीत लिहून ठेवा : कोणती मेंढी केव्हा व्याली, किती कोकरे झाली, नर कोणता होता. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे सोपवा. त्याचे विज्ञानही पक्के होईल आणि पूर्वजांकडून मिळालेली ही अमानत पुढच्या पिढीच्या हाती शाबूत पोहोचेल.