चालते यंत्र बाद कोणी ठरविले?

कामठ्याच्या शेतकऱ्याचा सातबारा आणि आधारभूत धानखरेदीची नोंदणी आता संगणकावर होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार काढून घेतला. ‘विंडोज ११’ तर टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था नसलेल्या यंत्रांना अपात्रच मानते, मग ती कितीही धडधाकट असोत! जगभरच्या वापरकर्त्यांचा संताप म्हणूनच रास्त होता. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणताच घरगुती संगणकांना वर्षभराची सुरक्षा-दुरुस्ती मोफत मिळाली. भारतीयांपुढे मात्र ३० डॉलरचा किंवा यंत्रातील मांडणी कंपनीच्या साठवणीत ठेवण्याचा पर्याय आला. (कंपनीचे बक्षीस-गुण खर्चण्याची सोयही होती म्हणे!) युरोपला जमले ते मागण्याचे धैर्य आपल्या ग्राहक चळवळीने आणि शासनाने का दाखवू नये?