निवारक म्हणजे मारक नव्हे

सांगोला आणि मंगळवेढा या तालुक्यांच्या माळांवर पावसाळी दिवसांत मेंढ्यांमागे हिंडणारा धनगर डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतो. पावसाचे थेंब लोकरीवर पडतात, क्षणभर ठरतात आणि घरंगळून जातात. लोकरीत मूळचा जो स्निग्धांश असतो त्याचा हा गुण होय. सर तासभर टिकली तर अंग कोरडे राहते. झड लागली तर मात्र घोंगडी भिजून जड होते आणि धनगराला आडोसा शोधावा लागतो. घोंगडी पावसाला परतवते, पाऊस थांबवीत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेतीत वापरल्या जाणाऱ्या निवारक द्रव्यांविषयी एवढी जाण सर्वत्र असती, तर पुष्कळसा खर्च आणि काही प्राणही वाचले असते.

‘रिपेलंट’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत निवारक किंवा प्रतिकर्षक असे शब्द योजले जातात. अर्थ इतकाच की, ज्या वस्तूच्या वासाने, चवीने, स्पर्शाने, आवाजाने अथवा नुसत्या दर्शनाने कीटक, पक्षी किंवा जनावर दूर राहते ती वस्तू निवारक. पाणी न धरणारे कापड हेही त्याच अर्थाने निवारक. अंगाला लावावयाचे डासांचे मलम निवारक आहे. पेटवून ठेवावयाच्या कांडीत मात्र बहुधा डासांना गुंगविणारे व मारणारे द्रव्यही असते, म्हणून ती दोन्ही कामे करते. दुकानात मात्र या सर्वांना एकच नाव आहे : औषध. आणि फवारणीला शेतकरी ‘औषध मारणे’ म्हणतो. मारण्याची अपेक्षा अशी क्रियापदातच येऊन बसलेली आहे.

या अपेक्षेचा पहिला बळी निंबोळी अर्क होय. पाच किलो निंबोळ्यांची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी वस्त्रगाळ करून त्यात एक लिटर पाण्यात विरघळविलेला दोनशे ग्रॅम साबण मिसळावा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे, ही पाच टक्के अर्काची कृती बहुतेक गावांत ठाऊक आहे. फवारणीही होते. दुसऱ्या दिवशी शेतकरी पिकात जाऊन पाहतो तो अळ्या जिवंत! ‘औषध लागू पडले नाही’ असा निकाल देऊन तो तिसऱ्या दिवशी जहाल कीटकनाशक आणतो. वास्तविक त्या अळ्यांची भूक मंदावलेली असते, त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडलेली असते आणि पिकावर अंडी घालण्यास येणारा पतंग त्या पानांवर बसण्यास नाखूष असतो. मेलेल्या अळ्या मोजून या अर्काची परीक्षा होत नाही. आठवड्यानंतर नव्याने कुरतडलेली पाने किती, हे मोजून होते.

ही गोष्ट नवी नाही. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. प्रधान व त्यांचे सहकारी यांनी निंबोळीची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली होती. टोळ त्या पिकांवर उतरले, परंतु त्यांनी ती खाल्ली नाहीत. तेथेही प्रश्न टोळ किती मेले हा नव्हता, पीक किती उरले हा होता. अर्काची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. निंबोळीतील मुख्य द्रव्य उन्हाने लवकर निकामी होते, म्हणून फवारणी सायंकाळी करावी व ती पुन्हा करण्याची तयारी ठेवावी. निंबोळ्या जून-जुलैमध्ये झाडाखाली पडतात. त्या वेळी ज्याने गोळा करून सावलीत वाळविल्या नाहीत, त्याला ऐन हंगामात त्या मिळत नाहीत. पुष्कळ ठिकाणी अर्क न वापरण्याचे खरे कारण अविश्वास नसून हा जून महिन्यातील आळस असतो, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

धान्याच्या साठवणीत गल्लत उलट दिशेने होते. मालदांडी ज्वारी कणगीत किंवा कोठीत भरताना कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल जुनी आणि चांगली आहे. बाहेरून येणारा सोंडकिडा या पाल्याला बुजतो. परंतु सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडे घालते. खळ्यावरून किंवा जुन्या पोत्यांतून कीड आधीच दाण्यात शिरली असेल, तर वरचा पाला तिला काय करणार? दाराला कडी घातली खरी, पण चोर घरातच आहे, अशी ती स्थिती होते. त्यात पाला ओला घातला तर धान्याला दमटपणा येऊन किडीची सोयच होते. दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका वाळविणे, पोती व कोठी उन्हात तापविणे आणि मग सावलीत वाळविलेला पाला घालणे, हा क्रम मोडला की निवारक नुसते मनाचे समाधान ठरते.

डाळिंबाच्या बागांत निवारकाचे खरे सामर्थ्य दिसते. फळातील रस शोषणारा पतंग हा सोलापूर जिल्ह्यातील बागाईतदारांचा रात्रीचा शत्रू होय. अंधार पडल्यावर तो येतो, पक्व होत असलेल्या फळाला सोंडेने भोक पाडतो, आणि त्या भोकातून बुरशी शिरून फळ सडते. पण त्याची अळी बागेत वाढतच नाही. ती बांधावरच्या आणि ओढ्याकाठच्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. दिवसा बागेत कीटकनाशक फवारणारा बागाईतदार अशा शत्रूवर हत्यार चालवीत असतो की जो त्या वेळी तेथे हजर नसतो. दिवेलागणीपासून बागेत ओलसर पाल्याचा धूर करणे, फळांना पिशव्या घालणे आणि आसपासच्या वेली काढणे, हे तीन उपाय मिळून जे साधतात ते जहाल औषधाच्या चार फवारण्यांनी साधत नाही. मारणे अशक्य किंवा व्यर्थ असते तेथे दूर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग, याचे यापेक्षा चांगले उदाहरण जिल्ह्यात सापडणे कठीण.

आता ज्वारीकडे वळले म्हणजे विषयातील अवघड भाग येतो. कणसात चीक भरून हुरडा धरू लागला की भोरड्यांचे थवे उतरतात. हा पाहुणा पक्षी मध्य आशियाकडून येतो. तेथे त्याचे मुख्य खाद्य टोळ व नाकतोडे असल्याने चीनच्या शिनच्यांग प्रांतात त्याला घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडविटांचे आडोसे रचतात. एका देशात ज्याला बोलावणे पाठवितात त्याच्यावर दुसऱ्या देशात गोफण चालते! भोरड्या येथेही नाकतोडे खातात, म्हणून त्यांना मारणे चूक आणि त्यांना हुसकावणे रास्त. माळा, गोफण, हाळी, पत्र्याचा डबा, बुजगावणे, चकाकणारी फीत ही सर्व निवारकेच होत. पक्षी मूर्ख नसतात. एकाच जागी उभ्या असलेल्या बुजगावण्याच्या खांद्यावर चार-सहा दिवसांत चिमण्या बसू लागतात. जागा आणि साधन सतत बदलत राहणे, आणि त्यामागे मधून मधून खराखुरा माणूस असणे, यावाचून कोणतेही साधन टिकत नाही.

परंतु थवा उठतो तेव्हा तो जातो कोठे? हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो बांधापलीकडे जातो. ज्याच्या घरी राखणीला चार माणसे आहेत किंवा आवाजाचे यंत्र घेण्याची ऐपत आहे, त्याच्या शेतावरून उठलेला थवा शेजारच्या दोन एकरांवर उतरतो, आणि ते दोन एकर बहुधा अशाचे असतात की ज्याच्या घरी राखणीला कोणी नाही. मुले साळेत, मोठी माणसे मजुरीवर. मारक द्रव्य निदान जेथे टाकावे तेथेच काम करते. निवारक मात्र नुकसान हलविते. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा गावोगावी थाळ्या व डबे वाजवून टोळ उठविले गेले. ते करणे अपरिहार्य होते, पण प्रत्येक वेळी धाड पुढच्या शिवारात उतरली, हेही तितकेच खरे.

रानडुक्कर आणि हरीण यांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गंभीर रूप घेते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले; त्या परिसरातील गवताळ माळांवर काळविटांचे कळप आहेत व ते पिकात शिरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला कडक संरक्षण दिले असल्याने त्याला परतविणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती आहे. शेताभोवती जुन्या साड्या बांधणे किंवा कडेने काटेरी करडईचे दाट तास पेरणे, हे उपाय या अर्थाने योग्यच. तारेत वीज सोडणे हे निवारण नव्हे. त्यात जनावराआधी शेजारी मरतो. विषारी दाणे टाकणे हेही निवारण नव्हे. ते मोर आणि तितर वेचतात. काही भागांत फोरेटच्या पुड्या बांधावर लटकविण्याची चाल पडली होती. त्याच्या उग्र वासाने डुकरे फिरकत नाहीत हे खरे असेल, पण ते अत्यंत जहाल विष आहे आणि देशात त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. वासाने पळवून लावणारी प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असते, ही समजूत ‘निवारक’ या शब्दाच्या सौम्यपणामुळे पसरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. विषाची ओळख केवळ नावावरून करणाऱ्यांनी ती घटना विसरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कामाची एक पद्धत यासाठी बदलणे आवश्यक आहे. निवारकाचे प्रात्यक्षिक एका निवडक शेतावर होते, तेथील पीक वाचते, छायाचित्र निघते आणि प्रयोग यशस्वी म्हणून नोंदला जातो. शेजारच्या शेतात त्याच आठवड्यात काय झाले हे कोणी पाहत नाही. बियाण्याचे किंवा खताचे प्रात्यक्षिक एका शेतावर शोभते. निवारकाचे प्रात्यक्षिक मात्र शिवाराचेच असले पाहिजे. पेरणीचा काळ शक्य तितका एक ठेवणे, म्हणजे हुरडा सर्वत्र एकदम येतो व थव्याचा भार एका शेतावर पडत नाही. राखणीच्या पाळ्या बांधून, ज्याच्याकडे माणूस नाही त्याचे शेतही पाळीत धरणे. डाळिंबाच्या पट्ट्यात एकाच सायंकाळी सर्व बागांत धूर करणे आणि ओढ्याकाठची गुळवेल एकट्याने नव्हे तर सर्वांनी मिळून काढणे. ही कामे सांगण्यास सोपी आणि करविण्यास कष्टाची आहेत. भाऊबंदकीचे बांध त्यात आडवे येतात. तरीही ती ग्रामसभेत मांडता येतात, आणि ज्याच्या पिकात वन्य प्राणी शिरले त्याला वन खात्याच्या भरपाईसाठी वेळेत अर्ज करून पंचनामा करवून घेण्यास मदत करणे हाही त्याच कामाचा भाग समजता येतो.

येत्या रब्बीत ज्या कार्यकर्त्याला आपल्या प्रात्यक्षिकाचा खरा निकाल पाहावयाचा असेल, त्याने हुरडा धरण्याच्या वेळी एकदा आणि काढणीच्या आधी एकदा, राखलेल्या शेतातील शंभर कणसे मोजावीत, आणि नंतर बांध ओलांडून चारी बाजूंच्या शेतांतील शंभर-शंभर कणसे मोजावीत. दोन्ही आकडे नोंदवहीच्या एकाच पानावर लिहावेत, आणि ते पान गावात वाचून दाखवावे.